परदुःखाचे भांडवल





इंद्रायणी ही आपल्या संप्रदायाची माय. लोणावळ्याच्या डोंगरातून ती निघते, मावळ ओलांडते, देहूला तुकोबारायांच्या पायांवरून वाहते, तळवडे, चिखली, मोशी या गावांच्या कडेने आळंदीला माउलींच्या दाराशी येते आणि तुळापुरास भीमेला मिळून पंढरीच्या वाटेला लागते. आज तिच्या दोन्ही तीरांवर शेते कमी आणि कारखाने फार झाले आहेत. भोसरी, तळवडे, चाकण, तळेगाव हा सगळा पट्टा यंत्रांचा. आपल्यातले कित्येक माळकरी रात्रपाळी उरकून पहाटे काकड्याला उभे असतात. म्हणून यंत्राची निंदा करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. यंत्रावर ज्यांची भाकरी आहे त्यांच्यापुढे यंत्राला नावे ठेवणे ही कृतघ्नता होईल. आमचे म्हणणे निराळे आहे. लोकांवर मोठा घाला पडला, की त्या घाल्यावर पाय देऊन आपले यंत्र, आपले मत, आपला व्यवहार पुढे रेटण्याची जी चाल पडली आहे, ती धर्माला धरून आहे की नाही, एवढेच आज पाहायचे आहे.

याच परिसरातले तीन प्रसंग आठवा. १७ एप्रिल २०२३ रोजी संध्याकाळी किवळ्याला वादळी पाऊस आला. रस्त्याकडेला आडोशाला थांबलेल्या माणसांवर जाहिरातीचा लोखंडी सांगाडा कोसळला आणि पाच जीव गेले. तो फलक अनधिकृत होता. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग भडकली. त्याच दिवशी सहा जण गेले, आणि पुढे रुग्णालयातून एकेक वाईट बातमी येत राहून मृतांचा आकडा दहाच्या वर गेला. त्यांत बहुतेक पोटासाठी कामाला आलेल्या बाया होत्या. १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसकट कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १८ जूनला, तुकोबारायांच्या पालखीचे देहूहून प्रस्थान झाले. त्या दिवशी देहूला आपण ज्या पाण्यात हात बुडवले, ते कुंडमळ्यावरूनच वाहत आले होते.

अशा प्रत्येक प्रसंगी दोन प्रकारची माणसे धावून येतात. एक म्हणजे गावकरी आणि बचावपथकातली पोरे. ती पाण्यात उतरतात, लोखंड उचलतात, जखमींना खांद्यावर घेतात. त्यांचे नाव विचारायला कोणाला सवड नसते. दुसरी माणसे थोड्या वेळाने येतात, पण त्यांचा आवाज मोठा असतो. चिता विझण्याच्या आत मोबाईलवर मजकूर फिरू लागतो. अमुक सेन्सर बसवला असता तर हे झाले नसते, अमुक बुद्धिमान कॅमेरा असता तर आधीच कळले असते, अमुक ॲप घेतले असते तर जीव वाचले असते. वर प्रेतांचे चित्र आणि खाली दूरध्वनी क्रमांक.

औद्योगिक पट्ट्यातल्या एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. तळवड्याच्या आगीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. कीर्तनापूर्वी एक गृहस्थ भेटायला आले. धूर ओळखून घंटा वाजविणारे उपकरण ते विकीत असत. बोलणे नम्र, कपाळी बुक्का. त्यांनी आमच्या हाती एक छापील पत्रक दिले. वर त्या जळिताचे छायाचित्र, खाली उपकरणाची किंमत. म्हणाले, "महाराज, निरूपणात दोन शब्द बोला. लोकांचे कल्याणच आहे. सप्ताहाला देणगीही देतो." शेजारी एक वृद्ध माउली बसली होती. तिने ते पत्रक हातात घेतले, डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि म्हणाली, "आरं बाबा, त्या बाया काय धूर दिसला न्हाई म्हणून मेल्या व्हय?" गृहस्थ गप्प झाले. आम्ही पत्रक त्यांना परत दिले आणि कीर्तनाला उभे राहिलो. त्या माउलीच्या एका प्रश्नात सगळे शास्त्र आहे. तेच आज उकलून सांगतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण पूर्वपक्ष दुबळा करून जिंकणे हा वादातला अधर्म आहे. पूर्वपक्ष असा, की दुःखातून माणूस शिकला नाही तर शिकणार तरी कधी? लोक एरवी ऐकत नाहीत. आग लागली की चार दिवस तरी कान देतात. तेवढ्यात चांगली वस्तू त्यांच्या गळी उतरवली तर बिघडले काय? या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारू नये. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, आणि १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोक्याच्या कारखान्यांसाठी नवी कलमे आली. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढे तिथे वादळाचा इशारा देण्याची यंत्रणा सुधारली, पक्के निवारे बांधले, गावोगाव माणसे तयार केली. २०१३ साली फायलिन वादळ आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले होते, आणि मृतांची संख्या शंभराच्या पुष्कळ आत राहिली. म्हणजे घाल्यानंतर विद्या वाढवावी, साधने सुधारावीत, हा धर्मच आहे. मग दोष नेमका कुठे?

पाठशाळेत कोणताही ग्रंथ उघडण्यापूर्वी आमचे गुरुजी चार गोष्टी विचारीत. अधिकारी कोण? विषय काय? संबंध कोणता? प्रयोजन कोणते? यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात. ज्या ग्रंथाला ही चार उत्तरे नाहीत, त्याच्या अध्ययनात आयुष्य घालवू नये, असा दंडक होता. मेलेल्यांच्या नावाने जो काही सांगायला येतो, त्यालाही हेच चार प्रश्न विचारावेत, असे आमचे मत आहे.

पहिला प्रश्न अधिकाराचा. नाथमहाराज गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले असता वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि कावडीतले पाणी त्यांनी त्याच्या तोंडात घातले. ही कथा आपण शंभरदा ऐकली. तिच्यातला बारकावा पाहा. नाथांनी गाढवापुढे उभे राहून पाणपोया कशा असाव्यात यावर प्रवचन केले नाही. आधी पाणी पाजले. बोलण्याचा अधिकार पाणी पाजल्यावर येतो, आणि ज्याने पाजले त्याला बहुधा बोलायची हौस उरत नाही. कुंडमळ्याच्या काठावर पहिला शब्द कोणाचा? ज्यांचे माणूस गेले त्यांचा. मग ज्यांनी हातांनी ओढून काढले त्यांचा. मग पूल जाणणाऱ्या, कारण शोधणाऱ्या जाणत्यांचा. विकणाऱ्याची जागा रांगेत सर्वांत शेवटी. दर्शनबारीत मध्येच घुसणाऱ्याला आपण मागे पाठवतो ना, तसेच हे. २०१९ साली, १९ नोव्हेंबरला, आळंदीच्या वाटेवर दिवे घाटात ताबा सुटलेला जेसीबी नामदेवरायांच्या दिंडीत शिरला आणि दोन वारकरी गेले. त्या संध्याकाळी कोणी आपल्यापुढे ब्रेकची जाहिरात धरली असती तर? एवढे मनात आणा, म्हणजे अधिकार या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

दुसरा प्रश्न विषयाचा. बोलणे कोणाविषयी चालले आहे, गेलेल्यांविषयी की वस्तूविषयी? त्या पत्रकावर जळिताचे चित्र होते, पण मागे राहिलेल्या लेकरांची विचारपूस एका ओळीत नव्हती. गेलेले निमित्तमात्र आणि वस्तू हाच विषय. आता तर खऱ्या छायाचित्राचीही गरज उरलेली नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस विमान कोसळले. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० जीव गेले. त्यानंतर यंत्राकडून बनवून घेतलेली त्या अपघाताची खोटी चित्रे लोकांच्या हातांत फिरली. दुःख खरे आणि त्याला चिकटवलेले चित्र खोटे! ज्या घरातले माणूस गेले त्या घरात ते चित्र पोचले तर काय होईल, हा विचार ते पुढे ढकलणाऱ्याच्या बोटाला शिवत नाही.

तिसरा प्रश्न संबंधाचा. इथे फसगत फार होते, म्हणून इथे थोडे थांबू. काकतालीय न्याय आपण ऐकला असेल. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला गाठ पडली, म्हणून कावळा हे फळ पडण्याचे कारण ठरत नाही. आता त्याच्याही पुढची गोष्ट चालते. फळ पडून गेल्यावर कावळा येतो आणि म्हणतो, मी आधी येऊन बसलो असतो तर फळ पडलेच नसते!

कुंडमळ्याचा पूल घ्या. तो धोक्याचा आहे हे कळण्यासाठी कोणत्या सेन्सरची वाट पाहावी लागली नव्हती. पूल जीर्ण झाल्याचे माहीत होते. धोक्याचा फलक लावलेला होता. नव्या पुलासाठी पैसा मंजूर झालेला होता. तरी तो माणसांना पुरता बंद करणे राहून गेले. ज्ञान होते आणि त्या ज्ञानाप्रमाणे वागणे नव्हते. जिथे जाणूनही वागले नाही, तिथे आणखी जाणण्याचे साधन विकणे म्हणजे ज्या घरात चूल पेटत नाही तिथे नवे ताट नेऊन ठेवणे.

तळवड्याचे पाहा. धुराची घंटा ही चांगली वस्तू आहे. राहत्या घरात, कापडाच्या गोदामात ती जीव वाचवते. पण फुलबाजीच्या दारूची रीत वेगळी. जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातल्या क्षारांतच भरलेला असतो. ती धुमसत बसत नाही, ठिणगी पडली की क्षणात भडकते. घंटा वाजेपर्यंत वेळ सरलेली असते. त्या ठिकाणी तसले काम करण्याची आवश्यक परवानगीच नव्हती, हे आगीनंतर पुढे आले. म्हणून ती माउली विचारती झाली, की धूर दिसला नाही म्हणून का मेल्या? आणि किवळ्याला कोणते यंत्र हवे होते? तो फलक तिथे नसता तर पुरे होते. पुढे १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला १२० फूट लांब आणि तेवढाच रुंद फलक पडून १७ जण गेले. मर्यादा ४० फुटांची होती. तिथे मोजपट्टी आणि ती धरणारा प्रामाणिक हात एवढीच गरज होती.

यावरून ध्यानात घ्या, की शोकाच्या वेळी वस्तू पुढे करण्यात नुसता असभ्यपणा नाही. त्याने खरे कारण झाकले जाते. यंत्र नव्हते म्हणून झाले, असे एकदा लोकांच्या मनात बसले, की परवानगी न घेता काम चालविणारा सुटतो, पाहून न पाहिल्यासारखे करणारा सुटतो, फलक लावून हात झटकणारा सुटतो. गेलेल्याला न्याय मिळायचा, त्याच्या जागी एक खरेदी होते आणि सगळे समाधानाने घरी जातात.

कधी कधी तर घाईत खपवलेली वस्तू अपायही करते. २०२० साली करोनाची साथ आली, माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका बसने पंढरीला न्याव्या लागल्या, ते वर्ष कोण विसरेल? त्या दिवसांत देशभर बाजारांच्या आणि रुग्णालयांच्या दारांत फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले. माणसाने त्यातून चालायचे, अंगावर जंतुनाशक उडायचे, की झाला शुद्ध! १८ एप्रिल २०२० रोजी केंद्राच्या आरोग्य खात्याने कळविले, की माणसाच्या अंगावर असे रसायन फवारू नये, ते अपायकारक आहे, आणि शरीरात शिरलेला विषाणू त्याने मरत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे जाऊन त्यावर बंदी वा नियंत्रण आणण्याचे निर्देश न्यायालयाला द्यावे लागले. भ्यालेले गिऱ्हाईक तोलून मापून घेत नाही, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

चौथा प्रश्न प्रयोजनाचा. सांगणाऱ्याला यातून काय मिळणार? पैसा मिळणार असेल तर ते पाप नव्हे. व्यापार हीही एक वृत्ती आहे, आणि तुकोबारायांच्या घरातही दुकान होते. पण मग ते उघड सांगावे, की मी हे विकतो आणि माझा नफा एवढा. कळवळ्याचे उपरणे पांघरून तराजू झाकू नये. याची एक सोपी कसोटी आम्ही सांगतो. त्या दुर्घटनेचे नाव काढून टाका. मग ती वस्तू आपल्या गुणांवर उभी राहते का पाहा. राहत असेल, तर मेलेल्यांची साक्ष कशाला? राहत नसेल, तर ती वस्तू कशाला?

हे चार प्रश्न फक्त विकणाऱ्याला विचारून भागणार नाही. यंत्राचा द्वेष करणारेही प्रेताच्या आड उभे राहून बोलतात. विमान पडले की विमानेच वाईट, कारखाना जळला की कारखानेच बंद करा! आणि आपल्या नारदाच्या गादीवरही हा दोष शिरतो. पूल पडला की कलियुग आले, आग लागली की देवाचा कोप झाला, असे सांगून टाळ्या घेणारे कीर्तनकार आहेत. तोही व्यापारच, माल फक्त वेगळा. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. महात्मा गांधी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध झटत होते. हा भूकंप म्हणजे त्या पापाचे शासन आहे, असे ते म्हणाले. हेतू केवढा थोर! तरी रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर विरोध केला, आणि महात्माजींनी तो विरोध आपल्या 'हरिजन' पत्रात छापला. दोघेही आम्हाला वंद्य, पण या एका गोष्टीत आमचे मन रवींद्रनाथांकडे झुकते. ज्यांच्यावर अस्पृश्यतेचा अन्याय होत होता, त्यांच्याही झोपड्या त्या भूकंपाने पाडल्या होत्या. आपले कार्य कितीही चांगले असो, मेलेल्यांना त्याचे साक्षीदार करता येत नाही. त्यांना कोणी विचारलेले नसते.

मग अशा वेळी संत काय करतात? इसवी सन १६३० च्या सुमारास महाराष्ट्रावर भयंकर दुष्काळ पडला. तुकोबारायांच्या घरची महाजनकी होती, देवघेव होती. त्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. म्हणजे दुःखावर बोलण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्यांना. घरात कर्जखते होती. सावकाराच्या हिशेबाने पाहिले तर दुष्काळ हीच सुगी. लोक अडलेले, मागाल ते लिहून देणारे. परंपरा सांगते, की तुकोबांनी धाकट्या भावाच्या वाटणीची खते त्याच्या हवाली केली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. भावावर जबरदस्ती केली नाही, व्यवहाराला शिव्या दिल्या नाहीत. लोकांच्या संकटामुळे ज्या कागदांची किंमत वाढणार होती, ते कागद तेवढे आपल्या हाताने पाण्यात सोडले. परदुःखाचे भांडवल कसे विसर्जन करावे, याचा याहून स्पष्ट पाठ आमच्या पाहण्यात नाही. आणि तो पाठ याच नदीवर झाला.

आता आपण काय करावे? सप्ताहाच्या मंडपात, दिंडीच्या ट्रकवर, अपघाताचे चित्र दाखवून काही खपविणारा फलक लावू देऊ नये, देणगी कितीही मोठी असो. फडकऱ्यांनी आणि सप्ताह समित्यांनी हा नियम एकदा ठरवूनच टाकावा. मोबाईलवर कोणाच्या मरणाचे चित्र आले तर चार प्रश्न विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. जीव वाचविणारी सरकारी सूचना असेल तर ती तत्काळ पाठवावी, बाकी सगळे निदान त्या घरचे तेरा दिवस होईपर्यंत थांबू शकते. आपल्या गावचा पूल, शेजारची शेड, रस्त्यावरचा फलक यांची विचारपूस आधीच करावी. ग्रामपंचायतीत, महापालिकेत जाऊन विचारावे, की धोक्याची पाटी लावलीत, पुढे काय? दिंडीचा चोपदार पाटी लावून निघून जात नाही, माणसे पार होईपर्यंत तिथे उभा राहतो. आणि वर्षश्राद्धाला तरी त्या घरी जावे. तोवर सगळे गेलेले असतात, तेव्हा गेलेल्याची किंमत असते.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जे माळकरी सेन्सर, घंटा, ब्रेक आपल्या हातांनी घडवतात, त्यांना आमचे सांगणे एवढेच, की ते असे घडवा की कोणाच्या मरणाचा दाखला न देता विकले जावेत. तीही पांडुरंगाची सेवाच आहे.

इतके बोलून ही सेवा माउलींच्या चरणी रुजू करतो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!